पाणी चढेल तिथवर

"कुठं? इंग्रजीत?"

खाडीवर होडीची वाट बघत उभं राहिलं की मागून हा प्रश्न यायचाच. विचारणारा म्हातारा गुडघ्यापर्यंत धोतर, विटका खाकी कोट आणि कोटावर संस्थानचा पितळी बिल्ला लावून जकातीच्या पडक्या नाक्यासमोर उभा असायचा. संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं झाली होती. जकात गेली होती, नाक्याचे वासेसुद्धा कुणीतरी चुलीला नेले होते. याची ड्यूटी मात्र चालूच! सगळे त्याला नाकेदार म्हणत.

मी माणगावकडचा, गावच्या शाळेवर आलेला नवीन मास्तर. पहिल्याच भेटीत त्याने ऐटीत सांगितलं, "मास्तर, माझी लेक इंग्रजीत दिलीय."

"अरे वा! कितवीपर्यंत?"

तो असा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "कितवीपर्यंत काय? त्ये बघा पलीकडं, समोरचं गाव!" अलीकडे नवाबाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं, म्हणून पलीकडचा काठ म्हणजे इंग्रजी. इंग्रज गेले, नवाब गेला, दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात आले, पण मुली इंग्रजीत द्यायची आणि बैल इंग्रजीतून आणायची आमच्या गावाची भाषा काही सुटली नाही.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याची टिंगल करायची आणि एक दिवस दिसला नाही तर चैन पडायचं नाही. मी होडीत पाय ठेवायच्या आधी तो माझी पिशवी तपासायचा. एकदा खोबऱ्याची वाटी निघाली, तर अर्धी मोडून घेतली. "दरबारची जकात," म्हणाला आणि तिथंच खाऊन मोकळा झाला. लेक माहेरी आली की तिचंही गाठोडं सोडायला लावायचा. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बाबा, तुमचा नवाब कवाच ग्येला!"

"नवाब ग्येला, हद्द हितंच हाय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग बापलेक दोघंही हसायची.

हद्दीचा विषय निघाला की तो आवरत नसे. "पानी चढंल तितवर संस्थान!" म्हणजे भरतीचं पाणी पलीकडच्या काठावर जिथवर पोचतं, तिथवरची जमीन दरबारची. इंग्रजांनी हे कधी मानलं नव्हतं आणि दरबाराने हट्ट सोडला नव्हता, असं तो सांगायचा. आम्हाला मौज वाटायची. मौजच होती ती, गावाला खाजणाची हाव सुटेपर्यंत.

खाजण म्हणजे पलीकडची सखल जमीन. तिकडच्या लोकांनी मातीचा बांध घालून खारं पाणी अडवलं होतं आणि आत भात पिकवलं होतं. नाकेदाराच्या जावयाचं शेतही त्यातच होतं. जमिनींची नवी मोजणी होणार अशी बातमी आली आणि आमच्या गावाला एकाएकी नवाबाचं प्रेम फुटलं. ज्याच्या वेठीला शिव्या घालत गावाचे बापजादे मेले, त्याचा हक्क आता गावाचा वडिलोपार्जित हक्क झाला! देवळात बैठक बसली. पाटील म्हणाले, "पानी चढायचं तितवर आपलं." पोरांनी नाकेदाराला होडीत घातलं आणि पलीकडे नेलं. पूर्वी पाणी कुठवर यायचं ते दाखवा म्हणाली. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला खरोखरच हद्द विचारत होतं. तो छाती काढून चालत सुटला, लेकीचं शेतही ओलांडून गेला आणि पार करंजाच्या झाडाशी काठी टेकून म्हणाला, "हितवर!"

पुढचं सांगताना आजही मान वर होत नाही.

मोजणीदार यायचा त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. पण बांध असताना पाणी करंजापर्यंत जाणार कसं? मग तिकडची माणसं जेवायला घरी गेलेली बघून आमच्या शहाण्यांनी भर दुपारी कुदळी नेऊन बांधच फोडला. साहेबाला पाणी चढलेलं दिसलं की जमीन आपली! अख्खं गाव अलीकडच्या काठावर तमाशा बघायला जमलं. मीही शाळा सोडून गेलो होतो.

नाकेदार चिखलातून धडपडत आमच्या घोळक्यात आला. "आरं, माज्या लेकीचं भात हाय त्यात! पोटरीला आलंय रं, लोंब्या फुटायच्यात!"

"तुमीच दाखवलंत ना नाकेदार, हितवर म्हनून?" पाटील म्हणाले. लोक हसले. समोर हिरवं भात बघता बघता खाऱ्या पाण्याखाली गेलं.

मोजणीदाराने जोडे हातात घेऊन बांधावरच पाटलांचा दावा ऐकला. "कुठलं संस्थान? जो कसतो त्याच्या नावावर लागणार," म्हणाला आणि निघून गेला. जमीन त्यांचीच राहिली, फक्त खार चढलेली. पुढे कित्येक वर्षं तिथे धड गवतही उगवलं नाही.

त्याच संध्याकाळी नाकेदार पलीकडे गेला तो परत आलाच नाही. मी एकदा भेटायला गेलो. बांध पुन्हा घालायचं काम चाललं होतं आणि हा त्या वयात डोक्यावरून चिखलाची घमेली वाहत होता. मी हाक मारली.

"परत जावा मास्तर," तो म्हणाला. "तुमाला बघून गावाची लाज वाटतीय. माजी तर त्याहून वाटतीय. लेक जेवाय वाढते, पन बोलत न्हाय."

तो गेला तोही तिथेच. लेकीच्या दारात मरण आलं तर भाऊबंदांनी जाऊन माणसाला आपल्या गावी आणायचं, अशी दोन्ही काठांवरची रीत. निरोप आला तसे आम्ही होडीभर माणसं गेलो, पुढे पाटील. तो अंगणात निजवलेला होता, नखांत अजून चिखल. आम्हाला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. जावयाने सगळ्यांना पाणी दिलं.

लेक उठून पाटलांच्या समोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"न्यायला आलाव? मंग आमचा हाय म्हना. येवढंच म्हना आन् न्या."

पाटलांनी घसा खाकरला. खाडीतल्या टीचभर चिखलालाही आमचा म्हणणारा तो माणूस पायाच्या अंगठ्याने अंगण उकरत राहिला. मी इतरांच्या तोंडाकडे बघत होतो, कुणीतरी म्हणेल म्हणून. मलाही म्हणता आलं असतं. शेवटी तिनेच आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि तिच्या गावच्या चौघांनी त्याला उचललं.