काळाचा आजार

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. माझे यजमान बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होते. घरात मी त्यांना नुसतं ‘हे’ म्हणते, इथेही तेच म्हणणार. कारखान्याने ह्यांना बॉयलर बसवायला उत्तर बिहारात धाडलं आणि हे वर्षभर तिकडेच अडकले. मागे राहिलो मी, सासूबाई आणि माझी शाळेतली नोकरी. हे परत आले आणि पावसाळ्यात तापाने पडले, तेव्हा खरं सांगते, मी आधी चिडले. वर्षभर वाट बघायला लावली ती लावली, आता घरात आहेत तर पांघरुणात!

पण ताप जाईना. उतरायचा, दोन दिवस घरात हसणं-बोलणं व्हायचं, की परत चढायचा. नाक्यावरच्या डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, मग टायफॉइड म्हणून औषध बदललं. भूक मात्र शाबूत होती. माणूस पोटभर जेवायचा आणि तरी वाळत चालला होता. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट तेवढं पुढे आलं. कपाळावर, हातांवर काळपट छाया आली होती. बिहारचं ऊन अजून उतरलं नाही, असं मी चिडवायचे. पुढे ते चिडवणं माझं मलाच नकोसं झालं.

सासूबाई तारापूरच्या बाजूच्या कोळीवाड्यातल्या. त्यांनी एकदा ह्यांच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. “पाणथरी हाय ही,” त्या म्हणाल्या. “एवडी मोठी पाणथरी मी कंदी बगितली नाय.” पाणथरी म्हणजे प्लीहा, हे मला माहीत होतं. ती एवढी कशाने वाढते ते माहीत नव्हतं, आणि विचारायचीही भीती वाटत होती.

आमच्या चाळीत तेव्हा निम्मे भाडेकरू बाहेरगावचे. पलीकडच्या खोलीत एक बिहारी जोडपं राहायचं. नवरा कारखान्यात पाळीवर, बायको दिवसभर घरी. एका संध्याकाळी ती आमच्या उंबऱ्यात आली, आत झोपलेल्या ह्यांच्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, “दीदी, इनको कालाजार है. बडे अस्पताल ले जाओ.”

सासूबाईंना हिंदी येत होती ती मासळी विकण्यापुरती. त्यांनी ऐकलं ते ‘काळाजार’. काळाचा आजार. काळ, म्हणजे न्यायला येतो तो. त्या ताडकन उठल्या. “माज्या पोराला काळ दाकवतेस? तिन्हीसांजेला? चल, नीघ!” आणि तिच्या तोंडावर दार लावलं. त्यांचं सोडा, पण मीसुद्धा शिकलेली असून काय वेगळं ऐकलं होतं? काळा आजार. अंग काळं पडतंय हे तिलाही दिसलं, तेच बिचारी सांगते आहे, एवढंच मला वाटलं. आजाराला नाव असेल, आणि ते नावच ती सांगत असेल, हे डोक्यातच आलं नाही. तो शब्द मात्र मनात घर करून बसला. भाकरी थापताना, वर्गात पाढे म्हणून घेताना तो मध्येच यायचा.

शेवटी ह्यांच्या नाकातून रक्त आलं तेव्हा कारखान्याची जीप मागवली आणि मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात दाखल केलं. तिथे रोज शिकाऊ डॉक्टरांचा घोळका यायचा, पोट दाबायचा, आपसात बोलायचा. त्या बोलण्यातून ‘रक्ताचा कॅन्सर’ एवढंच मला कळलं.  तशीच धावत मी त्यांच्या मोठ्या डॉक्टरांना गाठलं आणि रडत म्हणाले, “आमची बिहारी शेजारीण म्हणाली होती, काळाचा आजार आहे. ते खरंच का हो?”

डॉक्टर जाता जाता थांबले. “काळाचा नको. ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांगा.”

“कालाजार.”

“आणि हे कधी बिहारला गेले होते?”

आमच्याकडे ताप आला की इथलं पाणी आणि इथले डास एवढंच बघतात. बिहारचं कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही सांगितलं नव्हतं.

मग छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. ह्यांनी माझा हात असा आवळला की बांगडी पिचली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशींत कालाजारचे परजीवी सापडले. डासाहून लहान अशी वाळूमाशी चावते, तिच्यातून ते अंगात शिरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. सासूबाईंचा विश्वास बसेना. “जल्म वाळूत मासळी सुकवण्यात गेला आमचा. वाळूची माशी अशी असती तर आमी सगले कवाच मेलो असतो!” ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहते, किनाऱ्यावर नाही, हे डॉक्टरांनी हसू दाबत सांगितलं. त्या वॉर्डात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

इंजेक्शनं रोज द्यायची होती. औषध जालीम, हृदयाला सोसलं नाही तर बंद करावं लागेल, असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे हृदयाचा आलेख काढायला यायचे तेव्हा मी दाराबाहेर जाऊन उभी राहायचे. आत बघायची हिंमत नव्हती. पण ताप उतरला, आणि या वेळी उतरलेलाच राहिला.

मग डॉक्टर ह्यांच्या खाटेवर बसून चौकशी करायला लागले. तिकडे राहायला कुठे होतात? मातीच्या घरात. शेजारी गोठा? होता. बरोबरच्या कुणाला असा ताप आला होता?

“आमच्या स्वयंपाक्याला,” हे म्हणाले. “त्याच्याच घरात राहायचो आम्ही. त्याला हेच झालं होतं. कालाजार.”

“तो बरा झाला?”

ह्यांनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पोट वाढायला लागलं तेव्हा कळलं. त्याचंही असंच वाढलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“त्याला मी खांदा दिला होता गं.” हे छताकडे बघत होते. “नाव घेतलं असतं तर ते खरं झालं असतं. ती शेजारीण आली ना, तेव्हा मी जागा होतो. आईने दार लावलं आणि मला बरं वाटलं.”

त्यांचं कपाळ गार होतं, मी हात लावून बघितलं. आणि आता सगळं निभावलं असताना मला अशी भीती वाटली, की मी खाटेची कड धरून खाली बसले.