अर्धी डॉक्टरीण

मुंबईचा नकार आणि पुण्याचा होकार एकाच आठवड्यात घरी आले. नकार आधी आला. त्यामुळे मला रडून घ्यायला दोन-तीन दिवस मिळाले, आणि होकार आला तेव्हा डोळे कोरडे होते. आनंद मात्र काही झाला नाही.

त्या काळी डॉक्टर व्हायच्या दोन वाटा होत्या. एक मुंबईची, कॉलेजातली, पदवीची. ती खरी डॉक्टरकी. दुसरी पुण्याची. तिथं चार वर्षांत पदविका मिळायची, आणि लोक तिला कॉलेज म्हणत नसत, डॉक्टरी शाळा म्हणत. तिथून शिकून आलेला माणूस सरकारी दवाखान्यात दुय्यम म्हणून लागायचा आणि मोठा साहेब आला की खुर्ची सोडून उभा राहायचा. मी पुण्यात राहून इंटर सायन्स केलं होतं. मार्क चांगले होते, मुंबईला पुरतील इतके चांगले नव्हते. आता पुण्याला हो म्हणायचं, की वर्षभर घरी बसून पुन्हा इंटरची परीक्षा द्यायची आणि मुंबईला नव्यानं अर्ज करायचा, एवढंच ठरवायचं होतं. पुण्याला महिन्याच्या आत हजर व्हायला हवं होतं.

वडील सोलापुरात शाळामास्तर होते. गणित शिकवायचे. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेले ते पहिले. त्यांचा एक दंडक होता. उदाहरणाची रीत बरोबर असली आणि उत्तर चुकलं तर ते शून्य द्यायचे. अर्धे मार्क त्यांनी जन्मात कुणाला दिले नाहीत. पोरं मागून शिव्या घालायची, आई-बाप येऊन भांडायचे, पण मास्तर काही हलायचे नाहीत. पुण्याचं कळल्यावर ते म्हणाले, "अर्धी डॉक्टरीण होऊन काय करणार? एवढं थांबलो, आणखी एक वर्ष थांबू. मुंबईलाच जायचं."

मी तरी कुठली वेगळी? त्यांचीच मुलगी. माझ्याबरोबरच्या एका मुलीला मुंबईला जागा मिळाली होती आणि ते माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. मीही म्हटलं, मुंबईलाच.

आईला कुणी विचारलं नाही. विचारायच्या आधीच 'करा काय करायचं ते' म्हणून ती मोकळी व्हायची. त्या दिवशी मात्र तिनं स्वतःहून विषय काढला. भाकरी थापत होती.

"पुण्याला किती वर्सं लागत्याल?"

"चार."

"आन् मुंबईला?"

"एक वर्ष इथंच जाईल. मग तिथली पाच. पुढं अनुभवासाठी म्हणून आणखी थोडं."

"लई झाली की."

मी फणकारले. "तुला कसली घाई झालीय? लग्न उरकून टाकायची असेल."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात पाण्यात बुडवून वरून फिरवला. मग चौकट धरून हळूच उठली. आईची कंबर दुखते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता, तो बारशाच्या आधीच गेला. तेव्हापासून तिची कंबर धरलेली. भरला हंडा उचलायची वेळ आली की ती माझ्या थोरल्या भावाला, दादाला हाक मारायची. आम्ही तेल चोळून द्यायचो, ती 'बरं वाटतंय' म्हणायची, आणि विषय संपायचा.

आमच्या घरात बायकांना गोषा होता. आता सांगताना हसू येतं आणि रागही येतो, कारण तो गोषा वाडवडिलांपासून वगैरे आलेला नव्हता. बार्शीकडच्या गावात हीच आई ज्वारी काढायला चारचौघांत जायची. वडील मास्तर झाले, आम्ही शहरात आलो, चार लोक 'मास्तर' म्हणून नमस्कार करू लागले, आणि आईच्या वाट्याला आतली खोली आली. पुढचा सोपा आणि आतलं माजघर यांच्यामधल्या दारावर तिचं एक जुनं इरकली लुगडं टांगलेलं असायचं. तोच आमचा पडदा. परका पुरुष सोप्यात, बायका त्या लुगड्याच्या आत. मुलीला पुण्याला एकटी ठेवणारे माझे वडील बायकोला मात्र सोप्यात येऊ द्यायचे नाहीत. या दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी-शेजारी कशा बसत होत्या, ते मला कधी उमगलं नाही.

वहिनी अक्कलकोटकडची. घरी कानडी बोलणारी, आमच्याकडं येऊन मराठी शिकलेली. तिला सातवा महिना होता, पहिलाच. चार-आठ दिवसांत तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता.

एक दिवस सकाळपासून ती अंथरुणात होती. दुपारी आईनं वडिलांना सांगितलं आणि त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. हे डॉक्टर पुण्याच्या त्या शाळेतलेच. वडील त्यांच्या माघारी 'अर्धा डॉक्टर' म्हणायचे आणि घरात कुणी शिंकलं तरी त्यांनाच बोलवायचे. बंद गळ्याचा कोट घातलेले, सायकलवरून घामाघूम होऊन ते आले आणि सोप्यातल्या बाकावर बसले. आमच्याकडं बाईमाणूस आजारी पडलं की रीत अशी, की डॉक्टर बाकावर, आजारी बाई पडद्याआड, आणि घरातला पुरुष मध्ये दारात उभा. डॉक्टर त्याला विचारणार, तो आत विचारणार, आतलं उत्तर तो बाहेर सांगणार. नाडी बघायला लुगड्याखालून हात बाहेर काढायचा. वहिनीचा मनगटापर्यंतचा हात तेवढा त्या डॉक्टरांच्या ओळखीचा होता.

दादा गिरणीच्या कचेरीत गेलेला. म्हणून दारात वडील उभे राहिले. मला आईनं स्वयंपाकघरात पिटाळलं. लग्न न झालेल्या मुलीनं असल्या वेळी जवळ थांबायचं नसतं म्हणे. मी बेडूक फाडून इंटर पास झाले होते, पण घरात मी पोरच.

डॉक्टर म्हणाले, "त्रास कधीपासून आहे? अंगावर जातंय का, ते विचारा."

वडील खाकरले. सासऱ्यानं सुनेबद्दल हे तोंडानं कसं उच्चारायचं? ते आत बघून म्हणाले, "अगं, डॉक्टर विचारतायत, त्रास कसला आहे."

आईच्या समोर वहिनीचं भिजलेलं लुगडं होतं. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. आईनंही ते नवऱ्याला ऐकू जाईल असं कसं सांगायचं? ती म्हणाली, "पोटात दुकतंय म्हनावं. आन् जरा कसर हाय अंगात."

"पोटात दुखतंय," वडील बाहेर म्हणाले. "थोडी कसरही आहे."

डॉक्टर पोटदुखीचं औषध लिहायला लागले.

मी वहिनीकडं बघितलं. ओठसुद्धा पांढरे पडले होते तिचे. माझ्याकडं बघून तिनं नुसती मान हलवली, कुणाला त्रास नको अशी. मला इतका राग आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. वहिनीचा नाही, आईचा नाही, वडिलांचा तरी म्हणू का, तेही नाही. त्या घरात कुणी खोटं बोललं नव्हतं. जो तो आपापली मर्यादा सांभाळत होता, आणि तेवढ्यात एक बाई रिकामी होत चालली होती. मी पडदा बाजूला सारून सोप्यात गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, सकाळपासून अंगावरून रक्त जातंय तिच्या. लुगडं भिजलंय. सातवा महिना आहे."

वडिलांनी मान खाली घातली. माझ्या वडिलांची मान मी त्याआधी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी लेखणी ठेवली. "मला आत जाऊन बघावं लागेल."

वडिलांनी आत पाहिलं. आतून आईच म्हणाली, "न्हाय, न्हाय. तसलं न्हाय जमायचं."

"मग टांगा बोलवा. बायकांच्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

तिथं एक डॉक्टरीण होती, सगळ्या शहराला एकटी. ती कुणाच्या घरी जात नसे आणि आमच्यासारख्या घरातल्या बायका तिच्याकडं जात नसत, कारण जायचं तर आधी घरातल्या पुरुषाला कारण सांगावं लागतं. टांग्याला चारी बाजूंनी चादरी बांधल्या. मी आणि आई वहिनीला धरून बसलो. डॉक्टर सायकल हातात धरून दारातच उभे होते. टांगा हलायच्या आधी मी त्यांना म्हटलं, "तुम्ही पुण्याचेच ना? नीट शिकवतात का हो तिथं?" माझा स्वर चांगला नव्हता. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "शिकवतात की, चांगलं शिकवतात. पण बाई, मला आत येऊ देत नाहीत."

वहिनी वाचली. मूल गेलं. मुलगा होता.

चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पाचव्या दिवशी मी वडिलांना सांगितलं, मी पुण्याला जाते. ते सोप्यात बाकावर बसले होते, त्याच.

"एका वर्षानं काय बिघडतं?" ते म्हणाले. "पदवी घेऊन आलीस तरी आत जाशीलच की."

"पण कधी? अण्णा, परवा मुंबईचा पदवीवाला आला असता तरी तो या बाकावरच बसला असता. मला आत जाता येतं. माझ्याकडं एवढंच जास्तीचं आहे."

"रागाच्या भरात ठरवू नये. लोक जन्मभर अर्धी डॉक्टरीण म्हणतील. वर्षाचा तर प्रश्न. काय बिघडतं, सांग."

खरं तर ते चूक बोलत नव्हते. तेवढ्यात पडद्याआडून आई म्हणाली, "बिगडतं."

आम्ही दोघंही तिकडं बघायला लागलो.

"अहो, पोरीला पुण्याला पोचवून या," आई म्हणाली. "मुंबईला लई वर्सं लागत्याल."

वडिलांनी कारण विचारलं नाही. गेलेल्या नातवाचं दुःख बोलतंय, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं.

गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबायची. ते उतरले, तांब्या भरून आणला, मला प्यायला दिला आणि म्हणाले, "जे काय आहे ते पूर्ण कर. म्हणजे झालं."

मी पूर्ण केलं. पण ते मला सुखानं पचलं असं कुणी समजू नये. पुढं आयुष्यभर मुंबईच्या पदवीवाल्यांनी मला त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर बसवलं नाही. माझ्याहून लहान पोरं मला 'तुमची ती पुण्याची ना' म्हणून विचारायची. ते डाचायचं. आजही डाचतं. मुंबईला गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मी म्हातारपणीही सोडलेला नाही.

चार वर्षांनी परत आले तेव्हा वडिलांनी सोप्यातला तो बाक माझ्या पेशंटांसाठी मोकळा करून दिला. इरकली लुगडं दारावर होतं तसंच होतं. वहिनीला दुसरं मूल झालं होतं, एक गुटगुटीत पोरगी, अंगणात खडे गोळा करत हिंडायची. मी आल्यापासून आठवडाभरातच वहिनी एका दुपारी माझ्यापुढं येऊन बसली. जमिनीकडं बघत म्हणाली, "वन्सं, माजं एक सांगायचं होतं."

"सांगा की."

"अंग बाहेर येतंय. उठताना येतंय, हंडा उचलताना येतंय. हातानं आत सारावं लागतंय. बसवत न्हाय, चालवत न्हाय." बाळंतपणानंतर गर्भाशय खाली उतरलेल्या बायका असंच सांगतात, पण ती पाठ केलेलं म्हणावं तसं बोलत होती.

"कधीपासून?"

"धाकटा गेला तवापास्नं."

ती बोलून गेली आणि मग तिच्याच ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. वहिनीला धाकटा नव्हता. गेलेला धाकटा आमच्या घरात एकच, आणि तो मला आठवतसुद्धा नव्हता, इतकी मी लहान होते. आईची कंबर. इतकी वर्षं आम्ही तिच्या कंबरेला तेल चोळत होतो.

"त्यांनी त्यांचं नाव सांगू नगा म्हटलंय," वहिनी म्हणाली. "पोटच्या पोरीला कसं सांगू म्हणत्यात."

मी उठले. वडील पायरीशी बसून मुलांच्या वह्या तपासत होते. मी म्हटलं, "अण्णा, जरा बाहेर जाऊन या." त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, वह्या बाजूला ठेवल्या, टोपी घातली आणि गेले. वहिनी पोरीला घेऊन मागच्या दारी गेली.

आई माजघरात ज्वारी पाखडत होती. मी दाराशी उभी राहिले तशी तिचं सूप थांबलं. तिनं मान वर केली नाही.

"सांगितलं व्हय तिनं?"

"हो."

बराच वेळ ती ज्वारीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुला शिकवलंय न्हवं ह्ये?"

"शिकवलंय."

"समदं?"

"सगळं शिकवलंय, आई."

"मग त्येवढं लुगडं सोड."

मी आत आले आणि माझ्या मागं पडदा सोडला. तिनं सूप भिंतीला लावून ठेवलं, भुईवर सतरंजी अंथरली, आणि आडवी होऊन डोळे मिटून घेतले.

"मुंबईला लई वर्सं लागली असती की," ती म्हणाली.

मी तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले.