ताईची तयारी

पहिल्या तपासणीला आईने ताईला नटवूनच नेलं. ठेवणीतली मोतिया साडी, वेणीवर अबोलीचा गजरा, हातात घडी केलेला रुमाल. बघायला पाहुणे येणार असावेत, असा सगळा थाट. मी वैतागून म्हटलं, "आई, आपण सरकारी दवाखान्यात चाललोय, लग्नाला नाही."

"चार माणसांत जायचं तर नीटनेटकं नको?" आई म्हणाली, आणि ताईच्या कपाळावरची टिकली तिने सरळ केली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडील देवळाली कॅम्पात लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कारकून होते. ते गेल्यावर त्यांची पेन्शन आईला मिळू लागली. आईच्या माघारी ती ताईला मिळावी, एवढ्याचसाठी आमची धावपळ चालली होती. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण समज लहान मुलीची. ते आम्हाला जन्मापासून माहीत होतं, आता सरकारला कळायला हवं होतं. आधी मानसशास्त्रज्ञ बाई बुद्धीची तपासणी करणार, मग मेडिकल बोर्ड टक्के ठरवणार. अपंगत्व चाळीस टक्के भरलं तरच ताईचं नाव लागणार होतं.

आता यात तयारी कसली करायची? पण आईचा सगळा जन्मच ताईच्या तयारीत गेला होता. रोज तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की ताई पाटावर मांडी घालून बसायची आणि आई एकेक विचारायची. पूर्ण नाव काय? आपण कुठे राहतो? नाशकात शालिमारला जायला बस कुठून पकडायची? पाहुणे आले तर काय म्हणायचं? "बसा ना, चहा टाकते," हे ताई इतकं झोकात म्हणायची की नवख्या माणसाला काही कळायचंच नाही. तसं ते कळू नये, हीच तर आईची वीस वर्षांची खटपट होती.

त्यात आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मुलगा आदल्याच महिन्यात त्या तपासणीला जाऊन आला होता. बाईंनी आठवतील तेवढे प्रश्न आईला सांगितले. मग काय विचारता! घरात धूर दिसला तर काय करशील, गाय आणि म्हैस यांच्यात सारखं काय, वीस रुपयांतून बारा गेले तर उरले किती, सगळं घोटून झालं. बारावीला माझा एवढा अभ्यास कुणी घेतला नव्हता. आपण नेमकं उलटं करतोय, हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. परीक्षा म्हटली की तयारी करायची आणि चांगले मार्क मिळवायचे, आमच्या घरात दुसरं काही माहीतच नव्हतं.

तपासणीच्या दिवशी ताईने कमाल केली. मानसशास्त्रज्ञ बाई विचारायच्या आणि ही पदर सावरून धडाधड उत्तरं द्यायची. लाकडी ठोकळे खाचांत बसवताना मात्र जरा गडबडली, तेव्हा आईने खुर्चीतूनच मान हलवून चुकतंय असं सुचवलं. निघताना ताईने बाईंना वाकून नमस्कार केला. "घरी या ना चहाला," असंही म्हणाली.

बोर्डाचा कागद आला. पंचवीस टक्के.

"पस्तीसला पास ना रे?" आईने मला विचारलं. ते उलट असतं, जितकं जास्त येतं तितके टक्के कमी, हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने तो कागद पुन्हा हातात घेऊन उलटून पाहिला. ताई शेजारीच उभी होती. "मी पास?" तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कसली तरी परीक्षा दिली होती आणि ती उत्तम दिली होती. पण तिला साधी शाबासकी कुणी दिली नाही. त्याची हळहळ मला आजही वाटते.

आम्ही पुन्हा त्या तपासणीच्या बाईंकडे गेलो. तरुण होत्या, स्वभावाने चांगल्या. त्यांनी एका वाक्यात ओळखलं. "काकू, उत्तरं पाठ करून घेतलीत ना? वर्षभराने परत अर्ज करा. तोवर काही शिकवू नका. त्या दिवशी नुसतं जेवू घालून आणा."

आईने ते अक्षरशः पाळलं. तिन्हीसांजेला दिवा लागायचा, ताई पाटावर येऊन बसायची. "आई, विचार ना."

"आज नको गं, डोकं दुखतंय माझं."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. खरं कारण ताईला कसं सांगणार? काही दिवस ताई आईच्या कपाळाला बाम चोळून द्यायची आणि डोकं उतरायची वाट बघत पाटावर बसून राहायची. मग तिने "विचार ना" म्हणणं सोडलं. मग पाटावर बसणंही सोडलं. पावसाळ्याच्या सुमाराला पाहुणे आले, तेव्हा ती "बसा ना" म्हणाली आणि पुढचं आठवेना म्हणून तशीच उभी राहिली. आई स्वयंपाकघरात निघून गेली. मला त्या बोर्डाचा, त्या टक्क्यांचा संताप आला. पण ती माणसं आपलं काम करत होती, तेव्हा राग कुणावर काढावा तेही कळेना.

दुसऱ्या तपासणीला ताई घरातल्याच साडीवर होती. बाईंनी विचारलं, "कुठे राहता तुम्ही?" ताईने आईकडे पाहिलं. आईने तोंड खिडकीकडे फिरवलं. ताई पुटपुटली, थांबली, पुन्हा आईकडे बघू लागली. आई वळली नाही. खिडकीचा गज तिने घट्ट धरला होता, तेवढं मला दिसत होतं.

या वेळी पन्नास टक्के मिळाले. कागद घरी आला, नाव लागलं, काम झालं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली आणि ताईची पेन्शन दरमहा बिनचूक जमा होते.

कागद आला त्या दिवशी आईने तिन्हीसांजेला दिवा लावला. ताईचा पाट माळ्यावर गेला होता, तो काढून पुसला, मांडला आणि ताईला हात धरून त्यावर बसवलं. खूप दिवसांनी तिचा आवाज पूर्वीसारखा मोकळा वाटला.

"हं ताई, सांग बरं, आपण कुठे राहतो?"

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठली, फडताळातली बामची डबी घेऊन आली आणि आईच्या कपाळाला बाम चोळू लागली.

"नको आई," ती म्हणाली, "तुझं डोकं दुखतंय."