निजायला जागा

आमच्या घरात विटाळ पाळत नसत. मी जन्मायच्या आधीच वडिलांनी तो बंद केला होता. वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले, मांजरा नदीत सोडून दिले आणि घरी येऊन आईला सांगितलं, "आजपास्नं बाहेर बसायचं न्हाई. ह्याला शिवू नको, त्याला शिवू नको, समदं बंद. आपल्यात तसलं काई न्हाई." ही गोष्ट सांगताना आईचा आवाज अभिमानानं चढायचा. त्या दिवसापासून पाळी आली तरी ती चुलीपाशी जायची, पाणी भरायची, रानात खुरपायला जायची.

वडील बरोबरच होते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी त्यांना नावं ठेवील. ज्या माणसाला लहानपणी विहिरीच्या पायऱ्या उतरू दिल्या नाहीत, ज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, त्यानं आपल्या घरात कुणालाही विटाळशी म्हणायचं नाही असं ठरवलं, तर त्यात चुकलं काय? फक्त विटाळ गेला तशी पडून राहायची सोयही गेली.

माझं दुखणं पहिल्या पाळीपासूनच साधं नव्हतं. कमरेपासून मांड्यांपर्यंत सगळं पिळून निघायचं, उलट्या व्हायच्या, डोळ्यांपुढं अंधारी यायची. एकदा शाळेत बाकावरून खाली पडले. मास्तरांना वाटलं पोरगी उपाशी आहे, त्यांनी शेंगदाणे आणून दिले. घरी आई ओवा चावायला द्यायची, वर गरम पाणी. म्हणायची, "बाईच्या जातीला असतंयच ते. ऊठ, हिंडलीस की बरं वाटंल." मी उठायचे, हिंडायचे. बरं काही वाटायचं नाही. पुढं पुढं मी सांगणंच सोडलं. सांगून ओवाच मिळणार होता, आणि ओव्याचा डबा मला ठाऊक होता. ते दिवस आले की मी खुरपं चालवायचे आणि दुसरंच कुणीतरी खुरपतंय असं वाटायचं. त्या वयातल्या बऱ्याच गोष्टी मला आठवत नाहीत, त्या यामुळंच.

पलीकडच्या आळीत एका धनगराचं घर होतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. एरवी तिची आई मला अंगणाच्या बाहेरूनच बोलवायची. पण मैत्रीण बाहेरची झाली की तिला चार दिवस मेंढरांच्या गोठ्यात पोत्यावर बसवत, आणि मग तिला घरचं कुणी शिवत नसे. आम्हांला एरवीही कुणी शिवत नसे. त्यामुळं त्या चार दिवसांत आम्ही खुशाल एकमेकींच्या गळ्यात पडायचो. भाकरी तिला लांबून टाकत. ती रडायची, म्हणायची, "तुझं बरं हाय, तुला घरात ठेवत्यात." मी तिच्या पोत्याकडं बघायचे. चार दिवस कुणी उठवत नाही, कुणी पाणी आण म्हणत नाही. मला तिचा हेवा वाटायचा. तिला हे कधी सांगितलं नाही, तिनं मारलंच असतं मला.

दहावी होऊन मी घरी बसले त्या वर्षीची गोष्ट. विहिरीवरून येताना दुखायला लागलं. घागर वाटेत कुठं ठेवली ते आठवत नाही. घराकडं वळायच्या जागी मी गोठ्याकडं वळले. मैत्रीण पोत्यावर होती. माझं तोंड बघून ती काही न विचारता सरकली. तिनं वीट तापवून फडक्यात गुंडाळून दिली. ती पोटाशी धरून मी लेंड्यांच्या वासात निजले. इतकी गाढ झोप मला आधी कधी लागली नव्हती.

जाग आली ती तिच्या आईच्या ओरडण्यानं. दारात वडील उभे होते. ते रेल्वेत रुळांची निगा राखणारे गँगमन होते, कमलनगरकडच्या लायनीवर. कामावरून तसेच मला हुडकत आले होते. मैत्रिणीची आई त्यांना म्हणत होती, "बघा तुमची लेक! आमच्या इटाळाच्या जागंत येऊन निजलीया. तुमच्यात न्हाई म्हणता नव्हं हे?"

वडील माझ्याकडं वळले. मला ऊठ म्हणाले. मी उठले.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कामून गेलीस तिथं?"

"निजायला."

"घरात जागा न्हाई व्हय?"

"हाय. पर घरात आई उठिवती."

आई चुलीपुढं बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. वडील उंबऱ्यावर बसले. आवाज न चढवता म्हणाले, "ज्या जागंतनं आमी उठून आलो, तिथं तू आपल्या पायानं जाऊन निजलीस." त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटायला हवं होतं. तसंही काही वाटलं नाही. मी म्हणाले, "अप्पा, मला लई दुखतंय. दर महिन्याला." बापापुढं हा विषय काढायची रीत नव्हती. आईची तव्यावरची भाकरी करपली.

वडिलांनी डोक्याचं फडकं सोडलं. मग म्हणाले, "दुखायलंय तर दवाखाना हाय. गोठा कशाला?"

आधी जवळच्याच एका डॉक्टरकडं नेलं. त्यानं कमरेत इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि वडिलांना सांगितलं, "शादी कर दो. एक बच्चा हुआ तो सब ठीक हो जाता." वडील हात जोडून म्हणाले, "साब, शादी दवा है क्या? मेरेकू दवा होना." डॉक्टर हसला. गोळ्यांनी दुखणं थांबायचं नाही, त्यावर एक गुंगी चढायची. मी गुंगीतच धुणं धुवायचे. लग्नाचा सल्ला आईला पटला होता. वडिलांना पटला नाही, म्हणून त्यांनी रजा काढली आणि आम्ही रेल्वेनं बीदरला गेलो.

तिथल्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी वडिलांना बाहेर बसवलं आणि मला कन्नडमधून विचारायला सुरुवात केली. आमचं गाव कर्नाटकात, म्हणून शाळेत मी कन्नड शिकले होते, पण त्यात राजे होते, नद्या होत्या. पोटाखालचं काही नव्हतं. मग त्या आमच्यासारखीच मोडकीतोडकी दखनी हिंदी बोलल्या. चक्कर येते का, उलटी होते का, कुठून सुरू होतं, कुठवर जातं. आजवर मला कुणी हे विचारलं नव्हतं. कुणी विचारलं की मला रडू कोसळेल असं मी धरून चालले होते. डोळे कोरडेच राहिले. मी सगळं सांगितलं, शेजाऱ्याच्या म्हशीचं दुखणं सांगावं तसं.

त्यांनी तपासलं. वडिलांना आत बोलावून सांगितलं की अंडाशयावर गाठ आहे, पाळीचं जुनं रक्त आत साठून झालेली. काढावी लागेल. मग विचारलं, "इसकी माँ कू भी ऐसाच होता था क्या?"

"नै मॅडम," वडील म्हणाले, "हमारे में वैसा कुछ नै."

ऑपरेशनच्या वेळी पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं सगळं नाहीसं झालं. मी वरच्या दिव्याकडं बघत पडले होते. नर्स आपसात कन्नडमधून भाज्यांबद्दल काहीतरी बोलत होत्या. मला कशाचीच भीती वाटली नाही. दुखत नाही म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं, आणि ते फार छान वाटलं असंही नाही. नुसतं रिकामं वाटलं. नंतर बाईंनी सांगितलं, लिंबापेक्षा मोठी होती. पुन्हा दुखेल, पण एवढं नाही. दुखलं तर घरात सोसत बसायचं नाही, इकडं यायचं. आणि महिनाभर काम करायचं नाही. हे शेवटचं त्यांनी वडिलांकडं बघून म्हटलं.

घरी आल्यावर वडिलांनी बाहेरची बाज आत आणली, बुद्धाच्या तसबिरीखाली टाकली आणि त्यावर स्वतःच्या हातानं वाकळ अंथरली. आईला म्हणाले, "हिला उठवायचं न्हाई." आई हो म्हणाली. मैत्रीण येऊन दारात उभी राहिली, आत यावं की नाही तिला कळेना. वडीलच म्हणाले, "ये की आत." ती आली आणि बाजेच्या काठावर बसली.

ती गेल्यावर संध्याकाळी आई भाकरी थापत होती. वडील हात धुऊन बसले होते. त्यांना एकदम आठवलं म्हणून सांगावं तसं ते म्हणाले, "डॉक्टरीण बाई इचारायली हुती, हिच्या आईला बी असंच व्हायचं का म्हणून. म्या न्हाई म्हणून सांगितलो."

आईचा हात थांबला नाही. "व्हायचं की," ती म्हणाली.

"काय?"

"असंच व्हायचं. हिच्यापरीस जास्तीच. बांधाला जाऊन पडायची मी."

वडील तिच्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांचा संसार, चार बाळंतपणं. "मग कामून सांगितली न्हाईस?"

"तुमीच म्हणाला हुता," आई म्हणाली, "आपल्यात तसलं काई न्हाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला सांगितलं होतं ते तिनं पाळलं होतं, एवढंच. मी बाजेवरून दोघांना बघत होते. इतक्या महिन्यांत मला काही वाटलं असेल तर ते तेव्हा वाटलं. आईचा राग आला, आणि तिच्याजवळ जावंसं वाटलं, आणि टाक्यांमुळं उठता येईना.

वडिलांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "सकाळच्या गाडीनं बीदरला जाऊ. तुला बी दाखवू."

"आता कशाला?" आईनं भाकरी तव्यावर टाकली. "बंद होऊन दोन वर्सं झाली."