फ्रीजला एक दिवस आराम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते, म्हणजे आठवड्यातून दोनदा खाटकाकडून शेळीची कलेजी आणत होते. बाईच्या घरी सारखे पाहुणे, असं त्याला वाटायचं. कलेजीचे तुकडे द्रावणात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दोन दिवसांनी पाहायचं, की थंडीनं पेशींच्या आवरणातली प्रथिनं किती बिघडली. ती मेली बिघडतच नव्हती. दीड वर्ष झालं, प्रथिनं ठणठणीत आणि मी खंगलेली. "काहीच होत नाही, यावर प्रबंध कसा लिहिणार?" सर म्हणायचे. मार्चपर्यंत काही निघालं नाही तर काम बंद, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं.

अशात खंडेनवमी आली. प्रयोगशाळेच्या शिपायांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांनी सगळी यंत्रं पुसून पुजली. फ्रीजलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि बटण बंद केलं. दसरा उलटल्यावर मी आले तेव्हा फ्रीज नुकताच सुरू झाला होता आणि आतले तुकडे कोमट होते.

"ओझरला भावाच्या कारखान्यात मशिनी बंद करूनच पुजत्यात, मॅडम," मामा म्हणाले. "वर्षभर राबतो बिचारा. एक दिवस आराम नाय का द्यायचा?"

माझं डोकंच फिरलं. बापाच्या वयाच्या माणसाला मी सगळ्या पोरांसमोर अडाणी म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. ते मान खाली घालून हार काढत राहिले.

मामांनी किती वाटोळं केलं ते सरांना आकड्यांत दाखवावं, एवढ्याच खुनशीपणानं मी ते तुकडे तपासले. बरीच प्रथिनं जागेवरून गायब होती. सर म्हणाले, सडलं असेल. मग ताजे तुकडे दोन दिवस थंड ठेवले आणि तासभरच कोमट केले. तेच. थंडीत तगलेली प्रथिनं ऊब लागताच ढासळत होती. मार्चच्या आत माझा प्रबंध मार्गी लागला.

हे कसं लक्षात आलं, ते प्रबंधात लिहावं लागतं. मी लिहिलं, वीज गेल्यामुळे. नाशकात ते कुणालाही पटलं असतं. आभाराच्या पानावर सर, आईवडील, नवरा, झालंच तर तो खाटीकही आहे. मामा नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला मामांनी सगळी यंत्रं पुजली. तेवढ्या फ्रीजला हार नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "तो तुमचा हाय, मॅडम. मला काय कळतं त्यातलं?"