आवक-जावक शाखेची रजा

वांग्याच्या पोशाखापायी आम्हाला वेबसाइट काढावी लागली, असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मी मनीषनगरात राहते आणि शाळांच्या गॅदरिंगसाठी पोशाख शिवून भाड्याने देते. वाघ, मोर, झाड, वांगं, कधीमधी एखादा ढग. एका शाळेला एकदम चाळीस भाज्या हव्या होत्या. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, कोटेशन ईमेलवर पाठवा. पाठवलं. लगेच त्यांचा फोन आला, "मॅडम, तुमचा ऑफिशियल ईमेल नाही का?" माझा पत्ता कॉलेजातला होता. त्यात माझं घरचं लाडाचं नाव, पुढे एक फुलपाखरू आणि शेपटीला तीन आकडे. असल्या पत्त्यावरून चाळीस भाज्यांचा व्यवहार होत नाही, हे मलाही पटलं.

मग व्हिडिओ पाहून पाहून मी डोमेन घेतलं. मनातली पहिली तीन नावं कोणीतरी आधीच अडवून ठेवली होती, चौथं मिळालं. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव, ते दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, असं मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. 'नूतनीकरण' हा शब्द ऐकला आणि त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली.

सासूबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून बाबा खिडकीपाशी बसायचे. पेपर वाचायचे, घडी घालायचे, पुन्हा उघडायचे. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, पुण्याला असतात. दर रविवारी त्यांचा फोन: "बाबा, इकडे या कायमचे. तिथे तुम्हाला काम काय आहे?" आधी बाबा 'पाहू' म्हणायचे. अलीकडे 'येतो' म्हणायला लागले होते. मला ते जायला नको होते, हे इथे उघडच सांगून टाकते. माझी शाळेतली कंत्राटी नोकरी सुटली तेव्हा मी आठवडाभर तोंड पाडून बसले होते. एका सकाळी बाबांनी सासूबाईंची शिलाई मशीन पलंगाखालून ओढून काढली, पुसली, तेल घातलं आणि माझ्यासमोर आणून ठेवली. तो माणूस घरातून जावा, असं मला कसं वाटेल? पण भासरे विचारत होते ते काम या घरात नव्हतंच.

तर ईमेल. ॲटच्या आधी काय टाकायचं, असं स्क्रीन विचारत होती. मी आपलं माझं नाव टाइप केलं. मागून आवाज आला, "नाव काहून टाकते वं? पदनाम टाक. माणूस जाते, खुर्ची राहते."

"बाबा, खुर्ची एकच आहे. तिच्यावर मीच बसते."

"म्हणूनच तं कोणी विचारत नाही तुले."

राग आला, पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकृतिबंध काढला. संचालक, भांडार, शिलाई, तक्रार निवारण आणि आवक-जावक. आवक-जावक त्यांनी स्वतःकडे ठेवलं. त्याची पेटी वेगळी केली, पासवर्ड त्यांचा. बाकीच्या चारही पत्त्यांवरची पत्रं माझ्या एकाच पेटीत पडणार होती. त्याला बाबा अतिरिक्त कार्यभार म्हणाले.

सगळं भरून झालं तर स्क्रीन म्हणते, हे बदल सगळीकडे पोचायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. मी चरफडले. बाबा मात्र खूश. "फाईल फिरून राहिली आहे. दोन दिवसांत जगभर फिरून येते म्हणजे चांगलंच खातं आहे." मी अस्तर आणायला गांधीबागेच्या कापडबाजारात निघाले, तर मला एक लांबोडकं रजिस्टर आणि लाल-निळी पेन्सिल आणायला सांगितली. आलेला प्रत्येक ईमेल त्यात क्रमांक टाकून चढणार होता. फोनमध्ये सगळं आपोआप राहतं, असं मी दोनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

चाळीस भाज्यांचं काम मिळालं. वेबसाइटवर आवक-जावकचा पत्ता होता, त्यामुळे पहिलं उत्तर बाबांचं जायचं. एका आईने विचारलं, शुक्रवारी वांगं आहे का? बाबांनी कळवलं: 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, वांग्याची मागणी विचाराधीन असून भांडार शाखेकडून उपलब्धतेबाबत अहवाल मागविण्यात आला आहे.' भांडार शाखा म्हणजे मी. पाच पावलांवर, तोंडात टाचण्या धरून बसलेली. माझा फोन टिणकला. मी टाचण्या काढल्या.

"बाबा, मी इथंच तं बसून आहो. विचारा ना तोंडानं."

"तोंडी चालत नाही," म्हणाले.

वाघाची शेपटी तुटल्याची तक्रार आली, तेव्हा तर त्यांनी शिलाई शाखेला खुलासा मागितला. माझं डोकंच फिरलं. मीही मग लिहिलं की सदर वाघ भिंतीवरून उडी मारताना आढळला, सबब शिलाई शाखेची जबाबदारी राहत नाही. बाबांनी ते वाचून चष्मा काढला आणि डोळे पुसले. दोन वर्षांत त्यांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. आणि गंमत अशी की आयाही तसंच लिहायला लागल्या. एकीचा तर विनंती अर्ज आला, 'विषय: मुलगा मोरासाठी रडत असलेबाबत.' खिडकीपाशी आता कोणी बसत नव्हतं. टेबल तिथून हलवून आम्ही दारापाशी आणलं होतं, कारण कार्यालय दारापाशी असावं लागतं.

आणि ऐन हंगामात भासरे आले. त्यांनी रजिस्टर पाहिलं, पेन्सिली पाहिल्या, तुंबलेली सतरा उत्तरं पाहिली. पंधरा वर्षं पुण्यात राहून ते आमचं 'करून राहिले' विसरलेत, आता 'करताय' म्हणतात. मला म्हणाले, "या वयात त्यांना कारकुनी करायला लावताय तुम्ही?" नंतर बाबांना म्हणाले, "परवाची तिकिटं काढली आहेत. आता कायमचे चला."

एरवी मी ऐकून घेणारी नाही. जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. पण थांबा म्हणावं, तर सुनेला फुकटचा कारकून हवा म्हणून थांबवते, असाच त्याचा अर्थ निघणार. नवरा भावासमोर तोंड उघडत नाही, तो लहानपणापासूनचा रोग आहे. आणि बाबा? उठले, बॅग काढली, दोन सदरे ठेवले. मी ढगाला उगाच दोन जास्तीचे टाके घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. भासरे चहा घेत होते, बाबा दारापाशी टेबलावर होते. फोन टिणकला. प्रेषक, आवक-जावक शाखा. प्रति, संचालक.

'विषय: रजा मिळणेबाबत. थोरल्या चिरंजीवांच्या आग्रहास्तव पुणे येथे जाणे आहे. तरी रजा मंजूर करण्यात यावी, ही विनंती. रजेचा कालावधी:'

पुढे काही नव्हतं. बाबांनी अर्धवट पत्र आयुष्यात पाठवलं नसेल. अर्जात जागा रिकामी ठेवली म्हणून त्यांनी लोकांना रांगेतून परत पाठवलेलं आहे. मी वळून पाहिलं. ते लाल-निळ्या पेन्सिलीला टोक करत होते. टोक होतंच.

मी हात धुतले आणि संचालक म्हणून उत्तर लिहिलं. 'हंगाम सुरू असल्याने पंधरा दिवसांपेक्षा जास्त रजा देता येत नाही. सोळाव्या दिवशी कामावर हजर व्हावे. आपल्या जागी बदली कर्मचारी उपलब्ध नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना मला रडू आलं. कणकेचे हात धुतलेले होते, म्हणून बरं.

बाबांनी ते तीनदा वाचलं. मग फोन थोरल्या मुलासमोर धरला. "मले यायले काही नाही गा. पण रजा पंधराच दिवस मंजूर झाली."

भासऱ्यांनी वाचलं. बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, हे ऑफिस खोटं आहे."

"डोमेन आहे त्याले," बाबा म्हणाले. "नूतनीकरण होते दरवर्षी."

भासरे स्वतः नोकरदार माणूस. परतीचं तिकीट त्यांनीच काढलं. हे मी त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

त्या पंधरा दिवसांत आवक-जावक मी सांभाळलं आणि दोन मोर चुकीच्या शाळेत गेले. सोळाव्या दिवशी सकाळी गाडीतूनच ईमेल आला: 'गाडी उशिरा धावत असल्याने मध्यान्हपूर्व रुजू होणे शक्य दिसत नाही. झालेला विलंब क्षमापित करावा.'

मी पोळ्या टाकत होते. घाईत लिहिलं, बाबा, वांग्याची भाजी केली आहे, लवकर या.

दोन मिनिटांत उत्तर. 'आपल्या पत्रात विषय नमूद नाही. सबब पत्र परत पाठविण्यात येत आहे.'

मी गॅस बंद केला आणि तेच पत्र पुन्हा पाठवलं, वर विषय घालून: 'घरी येणेबाबत.'