इंदापूरची सरकत्या दाराची गाडी

सासूबाईंचे गुडघे गेले आणि आमच्या घरात गाडीचा विषय निघाला. तोवर जळोचीला आमच्या दारात एक ट्रॅक्टर आणि एक मोटरसायकल होती, आणि दोन्हींवर त्यांना बसता येत नव्हतं. बारामतीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे भाड्याची जीप बोलवायची, मागच्या दाराशी स्टूल ठेवायचं, जाऊबाईंनी आत बसून हात ओढायचे आणि मी खालून आधार द्यायचा. एकदा ते स्टूल कलंडलं. सासूबाईंची नडगी जीपच्या पायरीवर आपटली. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "आता मला कुठं न्यायचं न्हाय. बास झालं."

त्यानंतर चार महिने त्या अंगणापलीकडं गेल्या नाहीत. मोठ्या नणंदेच्या मुलीचं लग्न झालं, तेही त्यांनी फोटोत बघितलं.

ही नव्वदच्या दशकातली, आमच्याकडं नुकत्याच मोठ्या गाड्या दिसायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. माझे यजमान एमआयडीसीत कामाला होते. त्यांना कुणीतरी सांगितलं की इंदापुरात एकाकडं परदेशी बनावटीची गाडी विकायची आहे. सात-आठ माणसं आरामात बसतात, दार बाजूला सरकतं, पुढं-मागं दोन्हीकडं एसी, आणि मुख्य म्हणजे पायरी जमिनीपासून जेमतेम वीतभर. मालक मुंबईला बंदरावर माल सोडवून देण्याच्या धंद्यात होता, आता गावी येऊन राहिला होता. गाडी फार चाललेली नव्हती, आणि किंमत आमच्या आवाक्यातली होती.

"आवाक्यातली का हाय?" सासऱ्यांचा पहिला प्रश्न.

सासऱ्यांना घरातली आणि गावातली सगळी तात्या म्हणायची. त्यांचं लहानपण वडिलांच्या मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पण बाजारात उभं राहून समोरच्या माणसाकडं बघण्याची त्यांची रीत तशीच राहिली. विकणारा ज्या बाजूनं जनावर दाखवायचा त्या बाजूला ते कधी उभेच राहायचे नाहीत. मीही काही कमी नव्हते. बारामतीच्या प्राथमिक शाळेत सात वर्षं शिकवत होते. कुणाचं पोट खरं दुखतं आणि कुणाचं पाढे म्हणायचे म्हणून दुखतं, हे मला तोंडाकडं बघून कळायचं, असं मी सगळ्यांना सांगत असे.

एका रविवारी आम्ही इंदापूरला निघालो. सासूबाईंना न्यायचंच, असा मी हट्ट धरला, कारण बसायचं त्यांना होतं. पुन्हा जीप, पुन्हा स्टूल.

मालक साठीच्या आतबाहेरचे, उंच, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. अंगणात गाडी उभी होती. मोतिया रंगाची, काचांना आतून पडदे, आणि इतकी स्वच्छ की तिच्यात आमची चौघांची तोंडं दिसत होती. तात्यांनी खिशातून जुन्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक काढला. बारामतीच्या मिस्त्रीनं त्यांना शिकवलं होतं, की गाडी ठोकलेली असेल तर पत्र्यावर पुट्टी भरतात आणि पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. पत्र्याला चरा पडू नये म्हणून त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि मालकासमोर गाडीभोवती एक पूर्ण फेरा मारला. दारं, बॉनेट, मागचा पत्रा, चाकांवरचे भाग. चुंबक सगळीकडं चिकटला.

मालक हसले. "घ्या तपासून. काही हरकत नाही."

तात्यांनी मला बाजूला घेतलं. "कुठंच काय सापडंना. म्हंजी नक्की काय तरी हाय."

यजमानांनी आरसी बुकातला चॅसीचा नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघितला. जुळला. इंजिनाखाली ओलावा नव्हता. टायर चांगले होते. तेवढ्यात मालकांनी दार सरकवलं आणि ते सासूबाईंना म्हणाले, "बसून बघा, ताई." सासूबाईंनी दाराच्या आतल्या दांड्याला धरलं, उजवा पाय ठेवला, मग डावा, आणि आत गेल्या. मी आधाराला पुढं केलेले हात तसेच राहिले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या कुणाचा हात न लागता कशावर तरी चढल्या होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र आत शिरून सीटा बघत होते.

मधल्या रांगेतली दाराजवळची सीट बाकीच्यांपेक्षा नवी होती. कापड जवळजवळ सारखं, पण जास्त करडं. आणि त्या सीटच्या वर छताच्या अस्तराला चार भोकं होती, स्क्रू काढल्यासारखी.

"इथं काय होतं?" मी विचारलं.

मालक खिडकीचा पडदा सारखा करायला लागले. "पंखा होता."

दोन-दोन एसींच्या गाडीत पंखा! मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण त्यांना ऐकू गेलं होतं.

गाडी चालवून बघायला आम्ही भिगवणकडं निघालो. मालक म्हणाले, जाताना मी चालवतो, येताना तुम्ही चालवा. हमरस्त्यावर गाडी अशी चालली की तात्या मागं बसून झोपले असते, पण ते झोपणार नव्हते. ते कान देऊन होते. मध्येच म्हणायचे, "जरा खिडकी खाली घ्या. एसी बंद करा. आता चालू करा." मालक सांगितलं तसं करत होते. सासूबाई त्या नव्या सीटवर बसून बाहेर बघत होत्या. उजनीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा म्हणाल्या, "किती वाढलंय गं पाणी." एवढंच.

भिगवणला एका मासळीच्या हॉटेलापुढं गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवून मालक खाली उतरले. म्हणाले, "ताईंना आत गार राहू दे."

तात्यांना हेच हवं होतं. इंजिन गरम झाल्यावर बंद केलं की पुन्हा चालू होत नाही, असली गाडी विकणारे ती बंदच करत नाहीत, हेही मिस्त्रीनं सांगितलं होतं. ते पुढच्या दारातून वाकले आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. त्यांनी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, ओठ हलत होते त्यावरून मला कळलं. मग यजमानांना म्हणाले, "लाव आता."

पहिल्या फटक्यात लागलं. तात्यांचा चेहरा पडला. खरंच पडला, चांगली गाडी निघाल्याबद्दल.

पुरुष हॉटेलात गेले. सासूबाई गाडीतच थांबल्या, दार सरकवून ठेवलं होतं. मी म्हणाले, तुमच्याजवळ बसते. पण बसले नाही. मी त्या नव्या सीटखालचा गालिचा कडेनं उचलला. खाली डॉक्टरी चिकटपट्टीचा वाळलेला तुकडा होता, आणि इंजेक्शनच्या सुईवरचं प्लॅस्टिकचं छोटं टोपण.

छतातली भोकं, चिकटपट्टी, टोपण. माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. ही गाडी भाड्यानं रुग्णवाहिका म्हणून चालवली होती. पेशंट नेले असतील, मढी नेली असतील. आणि वरून पडदे लावून आम्हांला कुटुंबाची गाडी म्हणून विकायला काढली.

मी तरातरा हॉटेलात गेले. टेबलावर तळलेली चिलापी आली होती. मालकांच्या हातात घास होता. मी त्यांच्या ताटाशेजारी ते टोपण आणि पट्टी ठेवली.

"हा तुमचा पंखा का?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. यजमान म्हणाले, "अगं, हळू." मी हळू बोलले नाही. शाळेत चोरी सापडल्यावर जो आवाज लागायचा तोच लागला होता. "किती पेशंट नेले यातून? खरं सांगा."

मालकांनी घास ताटात ठेवला.

"एकच," ते म्हणाले. "माझी बायको."

तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा पुण्याला न्यावं लागायचं, डायलिसिसला. तिच्यासाठीच त्यांनी मुंबईच्या ओळखीतून ही गाडी मिळवली होती. येताना तिला थकवा यायचा, कधी सलाइन लावून आणावं लागायचं, म्हणून छताला आकडा बसवला होता. दीड वर्ष हे चाललं. मग एकदा परत येताना पाटसच्या अलीकडं ती गेली. ते गाडी चालवत होते. तिला झोप लागली असं समजून त्यांनी रेडिओ बंद केला आणि इंदापूरपर्यंत आले.

"याआधी दोन गिऱ्हाइकं आली," ते म्हणाले. "दोघांनाही मी सांगितलं. दोघंही चहा न घेता गेले. तिसऱ्यांदा नाही सांगितलं."

मला टेबलावरचं टोपण उचलून घ्यावंसं वाटत होतं आणि हात पुढं जात नव्हता.

गाडी हॉटेलाच्या दारातच होती. सासूबाईंना सगळं ऐकू गेलं होतं. आतून त्यांचा आवाज आला, "ह्याच शिटावर का?"

मालक उठून बाहेर गेले. "नाही ताई. ती सीट मी काढून घेतली. घरी आहे. ही नवी बसवली."

"त्यास्नी चढाय-उतराय तरास व्हायचा?"

"नाही. शेवटपर्यंत ती आपली आपण चढायची. हात धरलेला तिला आवडायचा नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. "मलाबी न्हाय आवडत," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर कुणीही मिटवलं असतं. तात्यांनी नाही. हात धुवायला म्हणून ते मला मोरीपाशी घेऊन गेले आणि पुटपुटले, "रडवून माल खपवणारीबी मानसं असत्यात. सीट घरी हाय म्हंतो ना? बघू की मंग."

मी म्हणाले, "तात्या, आता पुरे करा."

"तू टोपान दाखवलंस तवा पुरं न्हवतं, आन् आता पुरं?"



येताना यजमानांनी गाडी चालवली. इंदापूरला पोचल्यावर तात्यांनी खरंच विचारलं, "ती सीट बघाया मिळंल का?" माझे कान तापले. मालकांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. खिडकीशी भिंतीला टेकवून ती सीट ठेवली होती, खाली चार विटा. कापड तेच, थोडं विटलेलं. सीटच्या हातावर निळ्या लोकरीचा तुकडा शिवलेला, कोपर टेकायला. समोर छोटं टेबल, त्यावर चष्मा आणि पेपर. ते रोज तिथंच बसून पेपर वाचत असणार.

तात्या दारातच थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी पुन्हा घातली. मग मालकांना विचारलं, "कागद कवा करायचे?"

पुढच्या आठवड्यात गाडी जळोचीला आली. पहिल्याच रविवारी सासूबाई नणंदेच्या मुलीकडं जाऊन आल्या. मग बहिणीकडं, मग कुणाच्या बारशाला, मग काही कारण नसताना बारामतीच्या मंडईत. गाडीत बसूनच वांग्याचा भाव करायच्या. गावात कुजबुज झाली की या गाडीत बाई मेली आहे. एक-दोन शेजारणी बसायला नको म्हणाल्या. सासूबाई त्यांना म्हणायच्या, "मंग चालत या."

तात्यांचा संशय मात्र गेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. रोज सकाळी ते गाडीखाली जुना पेपर पसरायचे आणि ऑइलचा थेंब पडलाय का बघायचे.

महिन्याभरानं एके दुपारी मालक एसटीनं आमच्याकडं आले. तात्यांनी ओसरीवरूनच त्यांना बघितलं. "हा कशाला आला?" ते मला म्हणाले. "पैसं तर समदं दिल्यात."

मालक चहाला बसले. गाडी दारात होती, पण तिच्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. कप खाली ठेवून म्हणाले, "एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. उन्हाळ्यात घाट चढताना दोन्ही एसी एकदम चालू ठेवू नका. इंजिन तापतं. मागचा बंद करायचा. त्या दिवशी माझ्या डोक्यातून निसटलं."

एवढं सांगायला ते इंदापूरहून एसटीनं आले होते. यजमान त्यांना बारामतीच्या स्टँडवर सोडायला गेले, मोटरसायकलवरून. गाडीतून चला म्हटलं तर ते नको म्हणाले.

ते गेल्यावर तात्या ओसरीवरून गाडीकडं बघत होते. "आता हे का सांगाया आला आसंल?" ते म्हणाले.

"राहून गेलं होतं म्हणून," मी म्हणाले.

"तुझा इस्वास बसला?"

"बसला."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी शाळेतल्या पोरांकडं बघत असे. मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला निघालो, तेव्हा पसरणीच्या घाटात त्यांनी मुद्दाम दोन्ही एसी चालू ठेवायला लावले. तिसऱ्या वळणाला इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा तांबड्यात गेला. गाडी कडेला घेऊन आम्ही तासभर सावलीत बसलो. सासूबाई आवळ्याच्या फोडी वाटत होत्या, आणि तात्या उघड्या बॉनेटपाशी उभं राहून यजमानांना सांगत होते, "बघ, मानूस खरं बोलत हुता."